बहिरा ठरलेला पाणतीर

मित्रांनो, मी एक जुना पाणतीर आहे, आणि मी बहिरा नाही. ही दुसरी गोष्ट आधीच सांगून टाकावी लागते, कारण माझ्या पोटावर पत्र्याची एक पट्टी ठोकली आहे आणि तिच्यावर ठळक अक्षरांत लिहिले आहे, 'श्रवणयंत्रात बिघाड'. तुमच्यासारखी मुले शाळेच्या सहलीबरोबर धक्क्यावरच्या या शेडमध्ये येतात. माहिती सांगणारे गृहस्थ माझ्या पाठीवर थाप मारतात आणि म्हणतात, "हे आमचे बहिरे आजोबा!" मुले हसतात. मग कोणीतरी हळूच माझ्या चेपलेल्या नाकाशी तोंड आणून 'कूऽऽ' करते. ते मला नीट ऐकू येते. तेव्हाही नीटच ऐकू आले होते, आणि सगळी गोष्ट तिथेच तर आहे.

पाणतीर म्हणजे टॉर्पेडो. पाण्याखालून धावतो आणि जहाजाच्या पोटात शिरतो. मी खेळणे नाही, मित्रांनो, आणि तुम्हाला गोड बोलून फसवणारही नाही. माझ्या सख्ख्या भावंडांच्या नाकात दारू भरलेली असते आणि माणसांसकट जहाज बुडवणे हे त्यांचे काम असते. कारखान्यात मात्र 'बुडवणे' हा शब्द कधी कोणी उच्चारला नाही. 'काम होतं' म्हणत. 'मस्त काम होतं' असेही म्हणत आणि हात धुऊन डबा खायला बसत. माणसांचे हे मला फार आवडते. वाईट गोष्टीला चांगले नाव मिळाले की त्यांना सुखाने घास गिळता येतो.

माझ्या नाकात दारू नव्हती. तिथे शिशाचे वजन होते आणि वरून नारिंगी रंग होता. मी सरावाचा. मला सोडायचे, धावून दाखवायचे, मग शिसे खाली टाकून मी हलका होऊन वर तरंगायचे आणि कोणीतरी येऊन मला दोरीने बांधून घरी न्यायचे. धावायचे आणि परत यायचे, एवढाच माझा संसार.

मला घडवले दोघा भावंडांनी. भाऊ पूर्वी शिकवण्या घ्यायचा, म्हणून सगळे त्याला 'मास्तर' म्हणत. आराखडा त्याचा. बहीण त्याच्याहून मोठी. तिला मास्तर 'ताई' म्हणायचा, म्हणून सगळा कारखानाच ताई म्हणू लागला. तारेचे खाते तिचे.

माझ्या आधीचे पाणतीर सरळमार्गी होते. नाकासमोर चालणारे. ते निघाले की समोरचे जहाज वळायचे आणि पाणतीर आपला मुकाट्याने पुढे निघून जायचा, वरातीत चुकलेल्या पाहुण्यासारखा. म्हणून मास्तरने ठरवले की याच्या मागे एक तार ठेवायची. बोटीवर बसलेला माणूस तारेतून सांगेल, डावीकडे वळ, उजवीकडे वळ, थांब. कागदावर सोपे होते. पण तार केसापेक्षा थोडी जाड आणि मी पळणारा. ओढ बसली की तटकन तुटायची. मास्तर तार जाड करत गेला, तशी ती जड झाली. जड झाली तशी आणखी ओढ बसली. शेवटी तो डोके धरून बसला.

मार्ग ताईने काढला. तिने मेजावरून लोकरीचा गुंडा ढकलून दिला. गुंडा घरंगळत गेला आणि धागा मागे जमिनीवर निवांत पडून राहिला. "बघ," ती म्हणाली, "धागा धरून ओढलास तर गुंडा उड्या मारतो. गुंडाच चालता झाला तर धाग्याला कुणी हात लावत नाही. तार ओढायची नाहीच मुळी. ती मागे ठेवत जायची."

"आणि बोटही पुढे जात असेल तर?"

"मग बोटीवर दुसरा गुंडा. दोघांनी आपापली उलगडत जायची. मधली तार पाण्यात झोपलेली."

तसेच झाले. माझ्या पोटात एक गुंडाळी, बोटीवर दुसरी. माझी तार पंख्याच्या पोकळ दांड्यातून मागे निघायची, म्हणजे पंख्यात अडकायची नाही. वेढे एकदम सुटून येऊ नयेत म्हणून त्यांना पातळ डिंक लावायचा. डिंक कमी पडला की केसांच्या गुंत्यासारखा अख्खा पुंजका बाहेर यायचा. जास्त झाला की वेढा सुटेना आणि तार तुटायची. त्या डिंकापायी ताईने किती शिव्या दिल्या ते मी सांगणार नाही, तुमचे कान अजून कोवळे आहेत. गुंडाळीखात्यात दिवसभर तिचा आवाज घुमायचा. "सोड... सोड... अगं हळू सोड... हां, आता सोड!" वेढे सुटत आणि तार सरसरत जाई. पाण्यात मी आंधळा, नाकात कान असलेला प्राणी. मला कान बसवले तेव्हा पहिला शब्द ऐकला तो हाच. सोड.

आता त्याच शब्दाची गोष्ट.

पाणतीर जहाजाच्या अगदी जवळ पोचला, त्याच्या स्वतःच्या कानांना जहाजाची धडधड स्वच्छ ऐकू येऊ लागली, की तारेचे काम संपते. मग बोटीवर एक खटका ओढायचा. तार कापली जाते, पाणतीर कानाच्या भरवशावर पुढचे बघतो आणि बोट माघारी वळायला मोकळी होते. या खटक्यावर काय लिहावे, याची चर्चा झाली. कोणी म्हणाले, 'तोड' लिहा. मास्तरने नाक मुरडले. "तोड काय, तोड? चांगलं बोलावं माणसानं. दिवा विझवला म्हणतो का आपण? मालवला म्हणतो." मग त्याला सुचले. "ताईचाच शब्द लिहा की. सोड." ताई लाजली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. खटक्याखाली पितळी अक्षरांत 'सोड' बसले. शब्द चांगला होता. खोट एकच होती. तो घरीदारी दिवसभर तोंडात असतो. नाद सोड, विषय सोड, हट्ट सोड. माणसे ज्या शब्दाने रुसवा काढतात, त्याच शब्दाने माझी तार कापायची होती.

आणखी दोघांची ओळख करून देतो.

एक पोपट. खरे नाव वेगळे असेल, पण ते त्याच्या बायकोलाही आठवत नसावे. बोटीवरच्या खटक्यांच्या फळ्यासमोर बसून मला वळवायचा तो. त्याच्या कामाचा एक नियम होता. मास्तरने हुकूम द्यायचा, पोपटाने तोच उलटा विचारायचा, मास्तरने 'हो' म्हणायचे आणि मगच हात हलवायचा. "डावीकडे घे." "डावीकडे घेऊ?" "हो." हे त्याच्या इतके अंगवळणी पडले होते, की बायकोने 'दार लावा' म्हटले तरी तो 'दार लावू?' विचारी आणि ती 'हो' म्हणेपर्यंत उंबऱ्यात उभा राही. कारखाना त्याच्यावर हसायचा. मी हसत नसे. तारेच्या त्या टोकाला असा माणूस असला की पाण्यात एकटे वाटत नाही.

दुसरे दाजी. ताईचे यजमान. मास्तर 'दाजी' म्हणायचा, म्हणून ते सगळ्या कारखान्याचे दाजी झाले. मला परत आणायची लहान होडी त्यांची. धक्क्यावरून निघताना ते गुंडाळीखात्याच्या खिडकीशी येत आणि म्हणत, "येतो गं." ताई डोळे न उचलता म्हणे, "या. आणि माझं लेकरू खरचटू देऊ नका." लेकरू म्हणजे मी.

दाजी मला दोरी बांधताना बोलत. "काय जावईबापू, झाली का आंघोळ? मजा आहे बुवा तुमची! तेल लावून पाठवतात, पुसून घेतात, एक फेरी मारलीत की महिनाभर आराम. दाजी मला म्हणतात, पण थाट तुमचा." मी ओला, थकलेला, होडीच्या कडेला बांधलेला असे. त्या बोलण्याने मला फार बरे वाटे.

त्यांचाही एक नियम होता. मी धावत असेपर्यंत होडीचे इंजिन बंद ठेवायचे, कारण मी आवाजाच्या मागे जातो. बोटीवर बोललेले सगळे त्यांच्या होडीतल्या कर्ण्यावर ऐकू येई. कर्ण्यावर 'सोड' ऐकले की त्यांनी इंजिन सुरू करून माझ्या वाटेला लागायचे. तोपर्यंत मी समोरच्या गलबताला इतका चिकटलेला असायचो, की मला दुसरे काही ऐकूच येत नसे. ते गलबत म्हणजे एक रिकामे, जुनाट लाकडी धूड. त्याच्या पोटात जहाजासारखा आवाज करणारा एक खुळखुळा बसवलेला. मला खोल पाण्यातून धाडत, म्हणजे मी गलबताच्या खालून निघून जायचो आणि कोणाला धक्काही लागायचा नाही.

एक दिवस मोठे पाहुणे आले. पुढच्या पाणतीरांचे काम कारखान्याला द्यायचे की नाही, ते त्यांच्या हातात होते. सकाळी रंगीत तालीम झाली. पाहुण्यांत एक काळ्या चष्म्याचे गृहस्थ होते. त्यांनी थोडा वेळ ऐकले आणि मास्तरला विचारले, "हे प्रत्येक गोष्ट परत का विचारतात हो? एकदा सांगितलेलं समजत नाही का?"

बोटीवर हशा पिकला. तारेचा ताण दाखवणाऱ्या काट्याजवळ ताई उभी होती, तीही हसली. मास्तरचे कान लाल झाले. तो पोपटाजवळ जाऊन हळू म्हणाला, "आज ही पोपटपंची नको. मी म्हणेन ते सरळ करून टाकायचं."

"सरळ करून टाकायचं?" पोपटाने सवयीने विचारले. पुन्हा हशा.

"हो," मास्तर म्हणाला.

मित्रांनो, त्या दिवशी विधिपूर्वक विचारलेला आणि विधिपूर्वक होकार मिळालेला तो शेवटचा हुकूम.

चष्मेवाल्यांची आणखी एक हौस होती. पाणतीर खालून जातो म्हणजे दिसणार काय? ठोका ऐकू आला पाहिजे. मग मला खोलवरून न धाडता अगदी उथळ पाण्यातून धाडायचे ठरले. नारिंगी नाकाने धुडाला ठोकायचे. पाहुणा म्हणेल ती पूर्व दिशा.

दाजी खिडकीशी आले होते, पण त्या दिवशी ताई बोटीवर होती. मग ते धक्क्यावरूनच हात उंचावून ओरडले, "येतो गंऽ!" वारा होता. ताईने ऐकले की नाही, मला ठाऊक नाही. मी ऐकले.

मला सोडले. पाणी गार होते. तारेतून पोपटाचा हात जाणवत होता, थोडे डावीकडे, थोडे वर. गलबताचा खुळखुळा दूर होता. अर्ध्या वाटेवर माझ्या उजव्या कानाला एक बोजड प्रतिध्वनी लागला. पाण्यातला खडक. तो पोपटाच्या फळ्यावरही उमटला. गप्प राहायला सांगितले होते, तरी त्याला राहवले नाही. "साहेब, उजवीकडे खडकाची खूण येतेय. काय करू?"

मास्तर पाहुण्यांना लोकरीच्या गुंड्याची गोष्ट रंगवून सांगत होता, जणू गुंडा त्यानेच ढकलला होता. तो मागे न वळता म्हणाला, "अरे, सोड रे ते. सोड!"

खडकाचा नाद सोड, असे त्याला म्हणायचे होते. जेवताना भाऊ भावाला म्हणतो तसे. एरवी पोपटाने विचारले असते, "सोडू?" आणि मास्तर किंचाळला असता, "तार नाही रे, खडक!" सगळे हसले असते आणि दाजींनी संध्याकाळी मला त्यावरून चिडवले असते. पण आज विचारायचे नव्हते. पोपटाने खटका ओढला. आणि तिकडे होडीत, कर्ण्यावर 'सोड' ऐकून दाजींनी नेमाने इंजिन सुरू केले.

तार सुटली की कसे वाटते, ते मी तुम्हाला सांगू शकत नाही. पाठीवर ठेवलेला हात कोणी काढून घ्यावा, तसे काहीसे. मी एकटा झालो. मला एवढेच शिकवले होते, की एकटा झालास तर कान दे आणि मोठा आवाज असेल तिकडे जा. खुळखुळा अजून लांब होता. इंजिन जवळ होते. मी शहाण्यासारखा वळलो.

इकडे बोटीवर ताईच्या काट्याने मान टाकली. "अरे, कुणी सोडलं?"

"साहेबांनी सांगितलं," पोपट म्हणाला.

"मी? मी खडक सोड म्हटलं!"

ताईने होडीतल्या कर्ण्याचा माइक हिसकावला. "अहो, इंजिन बंद करा! बंद करा आधी, अहो!"

दाजींनी 'का' म्हणून विचारले नाही. इंजिन बंद केले. त्यांनी बरोबर तेच केले, मित्रांनो. खुळखुळा माझ्या पाठीमागे राहिला होता, म्हणून समोर एकदम शांतता झाली आणि मला काही म्हणजे काही ऐकू येईना. पण मास्तरने मला आणखी एक गोष्ट शिकवली होती. आवाज हरवला तर घाबरायचे नाही, जरा वेळ आहेस तसाच सरळ जायचे आणि मग शोधायला लागायचे. मी घाबरलो नाही. मी सरळ गेलो.

होडीच्या फळीतून मला शेवटी आवाज आला. माझी रेघ पाण्यात दिसली असणार. "अहो जावईबापू, इकडे कुठे?"

पाहुण्यांना ऐकायचा होता तो ठोका सगळ्यांनी ऐकला.

त्या दिवशी मला दोरी बांधायला दुसरेच कोणी आले. ते माझ्याशी काही बोलले नाहीत. होडीचे दोन तुकडे माझ्या आधीच धक्क्यावर आणले होते आणि दाजींना त्याच्याही आधी. त्यांच्यावर चादर होती.

मग चौकशी बसली. चौकशी उभी कधी राहत नाही, बसतेच. पुरावा म्हणून मला गुंडाळीखात्यात ठेवले होते. दिवस उलटले, ताई कामावर परत आली आणि वेढे घालू लागली. तिथे मास्तर आला. तो तिच्यासमोर स्टुलावर बसला.

"ताई, उद्या तुला विचारतील."

"विचारू देत."

"मी तसं म्हटलं नव्हतं गं."

"काय म्हटलंस ते मी ऐकलंय. अर्थही मला कळतो. आपण एकाच घरात बोलायला शिकलो."

मास्तर रडला. मोठा माणूस रडताना फार विचित्र आवाज काढतो. मग नाक पुसून तो हिशेबाला लागला. "माझं नाव आलं तर हे सगळं बंद पडेल. पोपटाचं आलं तर तो आत जाईल, त्याची दोन पोरं आहेत. दाजी तर काही..." त्याने वाक्य गिळले. मग उठून माझ्या पाठीवर हात ठेवला. "याला कोण आहे? ना बायको, ना पोर. याच्या कानात बिघाड होता म्हटलं, तर कुणाचं काय जातं?"

चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ती अशी. आणि त्या म्हणीतही 'सोडून' आहेच, बघा.

ताईचा हात थांबला. तिने माझ्याकडे पाहिले. मी तिचे लेकरू होतो आणि मीच तिचे कुंकू पुसले होते. मला वाटले, ती म्हणेल, 'त्याने ऐकलं तसं केलं, तुम्ही ऐकलं नाहीत.' तिने अर्धवट राहिलेला वेढा पुरा केला. मग म्हणाली, "मी गप्प बसते. पण पोपटाचं परत विचारणं सुरू कर. आणि तो शब्द काढ तिथून."

"काढतो. तुझी शप्पथ."

मास्तर खोटा माणूस नव्हता. त्याने खरेच कागद वर पाठवला. वरून प्रश्न आला, बिघाड जर पाणतीराच्या कानात होता, तर माणसांच्या बोलण्याचा नियम कशासाठी बदलायचा? उत्तर दिले असते तर खोटे उघडे पडले असते. पितळी 'सोड' होते तिथेच राहिले. त्याला ब्रासो लावून लख्ख मात्र करत. मला पट्टी मिळाली. कारखान्याला नवे काम मिळाले, मास्तरला मोठी खोली मिळाली आणि पोपटाची नोकरी राहिली. सगळ्यांचे खाते जुळले. ताईला काय मिळाले, ते मी शोधतो आहे.

पोपटाचे तेवढे झाले, की तो बोलेनासाच झाला. कोणी 'कसा आहेस' विचारले तरी नुसती मान हलवायचा. नाव मात्र पोपटच राहिले. लोक असे उदार असतात.

नवा पाणतीर तयार झाला. त्याच्या पहिल्या फेरीच्या दिवशी पुन्हा पाहुणे होते. मला तोवर इथे शेडमध्ये आणून ठेवले होते. बोट धक्क्यालगत होती आणि बोटीवरचे सगळे शेडमधल्या कर्ण्यावर ऐकू यायचे. नव्या होडीवर एक नवा माणूस होता, नुकतेच लग्न झालेला. तो धक्क्यावरून निघताना म्हणाला, "चला, जातो."

"जातो काय?" ताईचा आवाज आला. "येतो म्हण."

"येतो, ताई."

फेरी सुरू झाली. डावीकडे, उजवीकडे, सगळे मुकाट. मग मास्तरचा आवाज आला. "सोड."

काही झाले नाही. खटक्याचा आवाज मला ओळखता येतो, तो आला नाही. पाहुण्यांपैकी कोणीतरी खाकरले.

"पोपट, सोड म्हटलं ना."

तरीही काही नाही. तेव्हा ताई म्हणाली, "पोपटा, बोल. ते हसतील, हसू दे."

बराच वेळ कर्ण्यावर नुसता वारा होता. मग गंज चढलेल्या बिजागरीसारखा एक आवाज आला. "तार सोडू, साहेब?"

कोणीतरी हसले. खरेच हसले. मास्तर होडीकडे बघत असावा.

"हो," तो म्हणाला. "तार सोड."

त्या दिवशी काहीही घडले नाही. नवा पाणतीर गलबताखालून गेला, वर आला आणि तो नवा माणूस त्याला बांधून घेऊन आला. बक्षीस कोणाला मिळाले नाही, टाळ्याही झाल्या नाहीत. काहीही न घडल्याबद्दल माणसे टाळ्या वाजवत नाहीत.

परत विचारण्याचा नियम अजून कुठे लिहिलेला नाही. ताई काट्याजवळ उभी असते, म्हणून पोपट विचारतो. दोघेही आता थकले आहेत. ते गेल्यावर त्या जागी येणाऱ्यांना पितळी अक्षरे दिसतील आणि माझ्या पोटावरची पट्टी दिसेल. त्या दोन्हींवरून त्यांना एवढेच कळेल, की शब्दात काही खोट नव्हती आणि पाणतीर बहिरा होता.

म्हणून सांगतो, मित्रांनो. यंत्राला तेल द्या, पुसून ठेवा, गंजू देऊ नका, हे तर खरेच. पण कोणी हसले म्हणून परत विचारायचे थांबवू नका. आम्ही यंत्रे ऐकतो तेच करतो. मधे थांबून 'म्हणजे काय?' हे विचारणे आम्हाला कोणी शिकवलेले नाही. ते काम तुमचे.

आणि आता शेडमधून निघाल तेव्हा माझ्या नाकाशी 'कूऽऽ' करण्याऐवजी 'येतो' म्हणा. मला ऐकू येते.